आंब्याला ऊस समजू नका: कोल्हापूरच्या बागेसाठी छाटणी आणि कल्टारचं वर्षभराचं काम

शिरोळ-हातकणंगल्याच्या बाजूला कुणाच्याही आंब्याच्या बागेत गेलं की एक गाऱ्हाणं हमखास ऐकायला मिळतं. "झाड बघा की, कसं डेरेदार झालंय. पाणी कमी नाही, खत कमी नाही. पर आंबाच धरत नाही बघा." झाड खरंच देखणं असतं. पानं गर्द, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, खाली भर दुपारी अंधार. आणि ऐन डिसेंबरात, मोहोर फुटायच्या दिवसांत, त्या झाडाला कोवळी तांबूस पालवी आलेली असते.

झाडाचा यात दोष नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या ऊस केला. उसात वाढ हेच उत्पन्न; पाणी द्या, युरिया द्या, कांडी वाढवा आणि कारखान्याला घाला. तोच हात आंब्यावर चालवला की झाड वाढतं, पण फळत नाही. आंब्याला वर्षातून एकदा थांबावं लागतं. छाटणी, कल्टार हे वाढ रोखणारं औषध आणि पाण्याचा ताण, म्हणजे काही काळ पाणी तोडणं, ही तिन्ही कामं शेवटी त्या एका थांबण्यासाठीच आहेत. हे डोक्यात बसलं की पुढचं वेळापत्रक पाठ करावं लागत नाही.

आंब्याचा मोहोर येतो फांदीच्या शेंड्याला. पण कुठल्याही शेंड्याला नाही. जून-जुलै-ऑगस्टमध्ये फुटलेली काडी ऑक्टोबरपर्यंत जून, म्हणजे पक्की झाली, तिला काही आठवडे विश्रांती मिळाली आणि वर रात्रीची थंडी पडली, म्हणजे पारा सलग काही रात्री 15 अंशांच्या आसपास उतरला, की त्या शेंड्याचा डोळा मोहोराकडे वळतो. काडी कोवळी असेल तर थंडी कितीही पडो, तिथून पानच निघतं. शिवाय झाडात जिबरेलिन नावाचं वाढीचं संजीवक असतं. ते जोरात असलं की झाड पालवीकडे झुकतं, कमी झालं की मोहोराकडे. कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, झाडात हे जिबरेलिन तयार होण्याच्या क्रियेलाच अडवतं. ते खत नाही, टॉनिक तर मुळीच नाही. तो ब्रेक आहे. उपाशी, आजारी झाडाला ब्रेक लावला तर ते तिथंच बसतं.

आधी आपली जमीन कुठली ते ठरवा

कोल्हापूर जिल्ह्यात एकच सल्ला सगळीकडे चालत नाही. आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी हा पश्चिम पट्टा तांबड्या जांभ्याच्या जमिनीचा आणि मुसळधार पावसाचा. पाणी निचरून जातं, झाडाला ताण आपोआप बसतो, हापूस इथं रमतो. उलट शिरोळ, हातकणंगले, कागलचा सखल भाग म्हणजे काळी माती, नदीचं नाहीतर कालव्याचं पाणी आणि शेजारी ऊस. तिथं केसर चांगला येतो, पण झाड थांबत नाही हीच खरी अडचण. पश्चिमेचा माणूस पावसाशी झगडतो, पूर्वेचा ओलीशी. पुढचं प्रत्येक काम वाचताना आपण कुठल्या बाजूचे हे लक्षात ठेवा.

छाटणी: तोडणी संपली की लगेच

पूर्व भागात केसरची तोडणी साधारण मे अखेरीस आटोपते. मृगाचा पाऊस जमिनीत मुरायच्या आत किंवा फार तर जूनच्या मध्यापर्यंत छाटणी संपवा. जुलै उजाडल्यावर केलेली छाटणी मी छाटणी मानतच नाही. त्या काडीला जून व्हायला दिवसच उरत नाहीत, आणि पुढच्या मोसमात त्या फांद्या रिकाम्या राहतात.

हत्यारं साधीच हवीत, पण धारदार: काडीसाठी सिकेटर, मनगटाएवढ्या फांदीसाठी छाटणीची करवत. कोयता बागेत आणूच नका. कोयत्यानं फांदी तुटत नाही, ती चिरते, आणि त्या चिरेत पाणी मुरून सड लागते, खोडकिड्याला घर मिळतं.

झाडाजवळ गेल्यावर लगेच वर चढू नका. बुंध्याला पाठ लावून वर बघा. आकाश अजिबात दिसत नसेल तर काम मधूनच सुरू करायचं. सगळ्यात आधी वाळलेल्या, रोगट, बांडगूळ लागलेल्या फांद्या. मग जमिनीकडे झुकलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या. त्यानंतर बरोबर मधून सरळ वर गेलेली एक फांदी निवडा आणि ती बगलेपासून काढा. ही एक फांदी काढायला माणसाचा जीव होत नाही, हे मला माहीत आहे. मी ती पहिल्यांदा काढली त्या दिवशी आमच्या थोरल्या चुलत्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पण तीच खिडकी. तिथून ऊन आत उतरतं, आतल्या उघड्या फांद्यांना डोळे फुटतात, आणि मोहोराच्या दिवसांत वारा खेळल्यामुळं तुडतुडे (मोहोराचा रस शोषणारे किडे) व भुरी (पांढरी बुरशी) यांचा जोर निम्म्यावर आल्यासारखा वाटतो.

मोठी फांदी कापताना आधी खालच्या बाजूनं थोडी चीर द्या, मग वरून कापा. नाहीतर फांदी आपल्या वजनानं पडताना खोडाची साल ओरबाडून नेते. काप उताराचा ठेवा म्हणजे पाणी थांबत नाही. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, कापावर बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करा. लोखंडाचं भांडं चालत नाही. तयार पेस्टमध्ये स्वच्छ विळ्याचं पातं बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी हवा.

आता शेंडे. ज्या काडीला यंदा फळ लागलं तिच्या टोकाला मोहोराचा वाळका दांडा उरलेला असतो. तो दांडा आणि त्याखालचा चार ते सहा इंच शेंडा सिकेटरनं काढायचा. केसरला ही शेंडे छाटणी दरवर्षी मानवते, भराभर फुटवा येतो. हापूस हळवा आहे. हापूसचं मी मधली खिडकी, वाळकं लाकूड आणि वाळके दांडे एवढंच करतो. सगळे शेंडे एकदम कापले की तो रुसून एक वर्ष गप्प बसतो. कुठल्याही जातीत एका वर्षात झाडाचा चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त पसारा कमी करू नका.

घन लागवड असेल, समजा 15 बाय 15 फुटांवर एकरी 190 च्या आसपास झाडं, तर छाटणी चुकवायची सवलतच नाही. झाडाची उंची 10-12 फुटांत आणि दोन ओळींत माणूस सरळ चालेल एवढी वाट, हे दरवर्षी राखावंच लागतं. एक वर्ष चुकलं की फांद्या मिटतात आणि फळ फक्त टोपीवर उरतं.

पश्चिम पट्ट्याचं गणित थोडं वेगळं. तिथं आंबा उशिरा उतरतो आणि पाऊस लवकर गाठतो. भर पावसात मोठ्या जखमा करणं म्हणजे बुरशीला आवतण. म्हणून तिथं तोडणीनंतर उघडीप बघून फक्त वाळके दांडे आणि बारीक काड्या काढा. मोठ्या फांद्या आणि जुन्या उंच झाडांचं पुनरुज्जीवन दसऱ्यानंतर, पाऊस थांबल्यावर घ्या. त्या फांद्यांचं येतं पीक जाणार हे धरून चाला, आणि म्हणूनच सगळी बाग एकदम न छाटता दर साल तिसरा हिस्सा घ्या.

पालवी सांभाळणं

छाटलेल्या टोकाला पंधरा दिवस ते महिन्याभरात चार-सहा कोंब एकदम येतात. सगळे ठेवले तर काड्या सुतळीसारख्या बारीक होतात, आणि बारीक काडी मोहोर पेलत नाही. कोंब वीतभर झाले की बाहेरच्या अंगाला तोंड असलेले दोन, फार तर तीन ठेवा, बाकीचे बोटानं मोडा. काम किचकट आहे, पण मला सगळ्यात जास्त फरक याच कामानं दिसला.

कोवळ्या पालवीवर शेंडा पोखरणारी अळी येते. शेंडा मान टाकतो तेव्हा तो खालून कापून जाळून टाका. झाडाखाली कात्रीनं कापल्यासारखी हिरवी पानं पडलेली दिसली तर तो पान कातरणारा भुंगा. ती पानं गोळा करून नष्ट करा, कारण त्याची अंडी त्याच पडलेल्या पानात असतात. फवारणीची गरज वाटली तर औषध दुकानदाराला विचारून घेऊ नका. कणेरी किंवा तळसंदे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात पालवी घेऊन जा.

खत छाटणीनंतर लगेच, पहिल्या पावसाच्या ओलीवर. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची दहा वर्षांवरच्या झाडासाठीची मात्रा दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश अशी आहे. म्हणजे अंदाजे सव्वातीन किलो युरिया, तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट, पावणेदोन किलोला थोडं कमी म्युरेट ऑफ पोटॅश, आणि सोबत 50 किलो शेणखत. जांभ्याच्या जमिनीत हीच धरा. काळ्या मातीत माती परीक्षण करूनच ठरवा, आणि नत्राला हात आखडता ठेवा. खत बुंध्याशी टाकायचं नाही. फांद्यांच्या कडेपासून अर्धा मीटर आत गोल चर काढून त्यात द्यायचं. गणपती बसले की युरियाचं पोतं बागेच्या बाहेर. सप्टेंबरनंतर दिलेलं नत्र थेट डिसेंबरच्या पालवीत दिसतं.

कल्टार: माप घेऊनच

कुठल्या झाडाला द्यायचं हे आधी ठरवा. झाड निरोगी हवं, हापूस असेल तर दहा वर्षांपुढचं, आणि नवी पालवी आलेली असावी. यंदा भरभरून लागलेलं झाड पुढच्या साली विश्रांती घेतं, तिथं याचा खरा उपयोग. दरवर्षी आपोआप फळणाऱ्या झाडाला देऊन काहीच कमवायचं नाही. खोडकिडा लागलेलं, पिवळं पडलेलं, पुरात उभं राहिलेलं झाड वगळा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत पंचगंगा-कृष्णेच्या काठानं ज्यांच्या बागांत पाणी शिरलं त्यांना हे वेगळं सांगायला नको: मुळांचा श्वास कोंडलेल्या झाडाला त्या साली नुसतं जगू द्यायचं.

वेळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट. म्हणजे म्हातारा पाऊस आणि आसळका. हे औषध मुळांवाटे चढतं आणि शेंड्यापर्यंत पोचायला वेळ घेतं, म्हणून एवढं आधी. जमीन ओली हवी, पण पाणी वाहतं नको. घाटमाथ्याच्या गावात या दिवसांत सलग झड असते; तिथं दोन-तीन दिवसांची उघडीप पकडा.

मात्रा झाडाच्या वयावरून काढत नाहीत, विस्तारावरून काढतात. दुपारी बाराच्या सुमारास सावली जिथं पडते तिथं पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असे दोन व्यास टेपनं मोजा. दोन्हींची सरासरी मीटरमध्ये काढा आणि तिला 3 नं गुणा. तेवढे मिली औषध, 25 टक्के तीव्रतेचं. उदाहरणार्थ एक व्यास 6 मीटर, दुसरा 5 मीटर, सरासरी साडेपाच, त्याला 3 नं गुणलं की साडेसोळा मिली. बाटलीवर वजनाच्या हिशेबानं 23 टक्के लिहिलेलं असतं, ते हेच. पण जास्त तीव्रतेच्या बाटल्याही मिळतात, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नका.

झाडाखालचं तण आधी काढून घ्या. मग बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध एक वर्तुळ आखा आणि त्यावर सारख्या अंतरानं पहारीनं 25 ते 30 भोकं पाडा, चार-पाच इंच खोल. मोजलेलं औषध 5 लिटर पाण्यात ढवळा आणि प्रत्येक भोकात सारखं ओता. 25 भोकं असतील तर एकेकात 200 मिली. एखादा चहाचा पेला त्यासाठी कायमचा बाजूला काढून ठेवा, तो परत घरात न्यायचा नाही. भोकं मातीनं बुजवा. पानांवर फवारून हे काम होत नाही, आणि बुंध्याशी भसकन ओतूनही होत नाही.

एका साली मी टेप घरी विसरलो आणि सगळ्या झाडांना सरसकट एकच माप दिलं. मोठ्या झाडांचं काही बिघडलं नाही. लहान पाच झाडांना मात्र मोहोर आला तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा घट्ट. त्यात वारा शिरेना, भुरी बसली आणि फळ गळून गेलं. पुढच्या पालवीच्या काड्या बोटभर राहिल्या, पानं एकावर एक चिकटलेली. कल्टार जमिनीत लवकर विरत नाही. त्या झाडांना पुन्हा मोकळं वाढायला दोन साल गेले, तेवढ्यात शेणखत, पाणी आणि हलकी शेंडे छाटणी एवढाच उपाय हातात होता. म्हणून दरवर्षी जुलैत आधी नव्या पालवीकडे बघा. काडीवरच्या दोन पानांतलं अंतर मागच्यापेक्षा आखडलेलं दिसलं तर त्या साली मात्रा निम्मी करा किंवा द्यायचंच सोडा.

बाग खंडानं देणाऱ्यांना एक कळकळीनं सांगतो. एक-दोन सालांसाठी बाग घेणाऱ्याला झाडाचं पुढं काय होईल याची चिंता नसते. कल्टार कोण देणार, किती देणार आणि देताना मालक हजर असणार, हे करारात लिहून घ्या. आणि ज्या आळ्यात औषध दिलंय तिथं मेथी-कोथिंबिरीसारखं आंतरपीक घेऊ नका.

ऑक्टोबर ते डिसेंबर: पाणी बंद

नवरात्र संपलं की बागेचं पाणी तोडा. पूर्व भागात नुसता आपला कॉक बंद करून भागत नाही. शेजारच्या उसाला पाट सोडला की ओल झिरपून आंब्याच्या मुळाशी येते, आणि ताण मोडतो. बांधाच्या कडेनं दोन-अडीच फूट खोल चर काढा. बांधाकडेच्या ओळीलाच आंबा लागत नसेल तर कारण बहुतेक हेच असतं.

ताण बसला की पानं गर्द, जाडसर होतात, मुठीत चुरगाळली तर कडकड मोडतात. मग शेंड्याचा डोळा फुगतो. डोळा टोकदार आणि सडपातळ असेल तर पान येणार, गोल टपोरा असेल तर मोहोर. इथं धीर सुटून एक पाणी देणारे मी पुष्कळ बघितलेत. एका पाण्यानं महिन्याभराचा ताण जातो.

मोहोरापासून फळापर्यंत

बोंगे फुटताना तुडतुड्यांवर आणि भुरीवर लक्ष ठेवून गरजेनुसार फवारणी करा, पण मोहोर पूर्ण उमलल्यावर कीटकनाशकाचा पंप खाली ठेवा. परागीभवन माश्या आणि मधमाश्याच करतात.

हापूसमध्ये थंडी लांबली की आणखी एक कटकट उभी राहते. पहिल्या मोहोराला बारीक फळ धरलेलं असतानाच त्याच काडीवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीचं फळ गळतं. यासाठी जिबरेलिक ॲसिडची 50 पीपीएम फवारणी करतात: 1 ग्रॅम पावडर थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून 20 लिटर पाण्यात. वाढ अडवायला कल्टार आणि इथं पुन्हा जिबरेलिनच, हे उलटं वाटेल. पण आता आपल्याला नवा मोहोरच नको असतो, म्हणून ते बरोबर बसतं. मात्र मोहोर यायच्या आधी चुकूनही फवारू नका.

फळ वाटाण्याएवढं झालं की गळ सुरू होते. थोडी गळ झाड स्वतःच्या हिशेबानं करतं, ती थांबवायची नसते. त्याहून जास्त होत असेल तर नॅप्थिल ॲसेटिक ॲसिड 20 पीपीएम फवारा. साडेचार टक्के तीव्रतेचं औषध असेल तर 10 लिटरला साडेचार मिली पुरतं. डोळ्याच्या अंदाजानं जास्त घातलं तर हेच औषध फळ पाडतं. फळाचा आकार वाढवायला 1 टक्का पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे लिटरला 10 ग्रॅम, तीनदा: वाटाण्याएवढं असताना, गोटीएवढं असताना, अंड्याएवढं असताना.

पाणीही वाटाण्याच्या अवस्थेपासूनच. मोठ्या झाडाला 150 ते 200 लिटर, पंधरा दिवसांच्या अंतरानं तीन वेळा. ठिबक असेल तर पहिल्या आठवड्यात थोडं आणि मग वाढवत न्या. तापलेल्या जमिनीत एकदम भरपूर पाणी सोडलं की फळ गळतं. तोडणीच्या महिनाभर आधी पाणी तोडा, नाहीतर आंबा पाणचट होतो आणि अढीत टिकत नाही. अंड्याएवढ्या फळावर कागदी पिशव्या चढवल्या तर फळमाशी आणि डाग दोन्ही टळतात, पण मजुरी बघता मी खालच्या फांद्यांपुरतंच करतो.

आता मे महिन्यातलं एक काम, जे बहुतेकजण विसरतात. फळ झाडावर असतानाच चुन्याची बादली घेऊन बागेत फिरा. भरपूर लागलेल्या झाडाच्या बुंध्यावर दोन पट्टे, मध्यम लागलेल्यावर एक, रिकाम्याला काहीच नाही. वहीत ओळ आणि झाडाचा नंबर, सोबत गेल्या जुलैत किती मिली दिलं होतं ते. तोडणी झाल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात आणि जुलैत पहार घेऊन उभं राहिल्यावर काही आठवत नाही. दोन पट्ट्यांच्या झाडांची छाटणी आधी उरका, खतही त्यांना आधी द्या. येत्या पावसात टेप घेऊन प्रथम त्यांच्याकडेच जायचंय.